चुकीच्या ड्रॉइंगवर तपासलेली गाठ

बोटं

माझा माझ्या बोटांवर फार विश्वास. नगरजवळ नागापूरच्या एमआयडीसीत गाड्यांना लागणारे बुश बनवणारा एक छोटा कारखाना आहे. तिथं मी अठरा वर्षं तपासणी विभागात काम करते. बुश म्हणजे अंगठ्याएवढी गुळगुळीत लोखंडी नळी. कापताना तिच्या तोंडाला केसाएवढी धारदार कड राहिली, तर ती डोळ्यांना दिसायच्या आधी माझ्या बोटाला कळते. कारखान्यात माझ्यामागे मला ‘रिजेक्ट मॅडम’ म्हणतात. मला ते ठाऊक आहे आणि खरं सांगायचं तर त्याचं वाईटही वाटत नाही.

याच बोटांना, नाताळच्या आदल्या आठवड्यात, तोंड धुताना डाव्या जबड्याखाली गाठ लागली. हरभऱ्याएवढी होती, टणक होती आणि दुखत अजिबात नव्हती. मी हात काढला, पुसला आणि पुन्हा लावून पाहिला. शंका असलेला बुश मी असाच दुसऱ्यांदा उचलते. दुसऱ्यांदाही ती तिथंच होती.

बाहेर करंज्यांचं सारण भाजून ठेवलं होतं. सावेडीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये नाताळला गावाकडून, बेलापूरहून, सासूबाई यायच्या होत्या, नाशिकला शिकणारी मुलगी ग्रेस यायची होती. सणाच्या तोंडावर कुठं डॉक्टरकडे जायचं, असं म्हणून मी करंज्या लाटायला बसले. नवऱ्याला, सुनीलला, काही बोलले नाही. भीती वाटत होती हे खरं कारण. पण तेव्हा मी स्वतःला सांगितलं की मला वेळ नाही.

दहातल्या आठ

जानेवारीत एक दिवस जेवणाच्या सुट्टीत मी शेळकेंना गाठलं. शेळके आमच्याकडे मशीनवर आहेत, पारनेरकडचे, कामाला अतिशय स्वच्छ माणूस. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या कानापुढं गाठ आली होती, ऑपरेशन झालं, गाठ साधी निघाली. कानामागून मानेपर्यंत उतरलेला तो व्रण ते नव्या माणसाला हौसेनं दाखवतात.

मी सहज विचारल्यासारखं केलं. म्हटलं, आमच्या शेजारच्या बाईंना तशीच गाठ आलीय, त्या घाबरल्यात. शेळकेंनी डबा बाजूला ठेवला.

“कुठं हाय त्यांची? कानापाशी?”

“हो, तिथंच कुठंतरी,” मी म्हटलं.

“मग काय काळजी न्हाई, मॅडम. ही लाळेची गाठ. आमच्या डॉक्टरनं सांगितलंय, दहातल्या आठ साध्याच असत्यात. माझी तर लिंबाएवढी हुती.”

हा संवाद मी जसाच्या तसा लिहिला आहे. त्यांनी काय विचारलं आणि मी काय उत्तर दिलं, हे नीट लक्षात ठेवा. पुढचं सगळं त्यावरूनच होणार आहे.

दहातल्या आठ. माझ्यासारखीला हा आकडा म्हणजे औषधच. आमचं कामच तसं चालतं. पाचशे बुशांचा लॉट आला तर आम्ही पाचशे तपासत नाही. त्यातले काही उचलायचे, ते बरे निघाले की सगळ्या लॉटला हिरवा टॅग. शंका असेल तर पिवळा, म्हणजे होल्ड. वाईट निघाला तर लाल. शेळकेंचा आकडा ऐकून मी मनातल्या मनात स्वतःच्या गळ्याला हिरवा टॅग बांधला आणि कामाला लागले.

गाठ मात्र काही थांबली नव्हती. ईस्टरपर्यंत ती वाटाण्याएवढी झाली, जूनमध्ये शाळा सुरू झाल्या तेव्हा छोट्या बोराएवढी. मी ओढणी जरा वर घ्यायला लागले. रोज सकाळी तपासायचे आणि रोज ती कालच्याएवढीच आहे असं ठरवायचे. ज्या बाईला केसाएवढा फरक बोटाला कळतो, तिला स्वतःच्या गळ्यातला फरक आठ महिने कळला नाही. यावर मला अजूनही हसू येत नाही.

ऑगस्टमध्ये सुनील आणि मी रस्त्याकडेच्या गाडीवर भाजलेली कणसं खात होतो. गाडीवाल्यानं लिंबू-तिखट चांगलं चोळून दिलं होतं. उजवीकडून जीभ पोळली. डावीकडून काहीच कळलं नाही, नुसत्या बारीक मुंग्या आल्या. मी कणीस फिरवून फिरवून डावीकडून खाऊन पाहिलं. तरी काही नाही. सुनीलनं विचारलं, काय झालं, आवडलं नाही का. तेव्हा मी त्याचा हात धरून ओढणीखाली नेला.

त्यानं गाठीवर बोट ठेवलं आणि कधीपासून, एवढंच विचारलं. मी सांगितलं.

“आठ महिने?” तो म्हणाला.

एवढंच. त्यानं कणीस टाकलं आणि स्कूटर काढली. पुढचे दोन दिवस कामापुरतंच बोलला. तो चिडला असता तर मीही चिडले असते. पण समोरचा माणूस गप्प राहिला की करायचं काय, हे मला कधीच जमलेलं नाही.

कुठल्या ग्रंथीच्या?

सावेडीतल्या कान-नाक-घशाच्या डॉक्टर बाई वयानं माझ्याएवढ्याच होत्या. त्यांनी हातमोजा घालून एक बोट माझ्या जिभेखाली ठेवलं, दुसऱ्या हाताची बोटं बाहेरून जबड्याखाली लावली आणि मधली गाठ हलते का ते पाहिलं. बाई आपल्याच व्यवसायातली आहे असं मला वाटलं आणि क्षणभर बरं वाटलं.

त्यांनी विचारलं, जेवताना ही फुगते का? लिंबू-चिंच खाल्लं की दुखते का? तसं असेल तर लाळेच्या नळीत खडा असू शकतो. हो म्हणावं असं मला इतकं वाटलं की शब्द ओठांवर आला होता. माणूस देवाकडे काय काय मागतो, मी त्या खुर्चीत बसून खडा मागितला. मग खरं सांगितलं. फुगत नाही, दुखत नाही, जिभेला मुंग्या येतात. मुंग्या म्हटल्यावर त्यांचं पेन थांबलं.

मग मीच बोलले. जरा तोऱ्यातच म्हटलं, “पण मॅडम, या लाळेच्या गाठी दहातल्या आठ साध्या असतात ना?”

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. “कुठल्या ग्रंथीच्या?”

मला प्रश्न कळला नाही. मग त्यांनी चिठ्ठीच्या मागच्या कोऱ्या बाजूला एका चेहऱ्याची बाजू काढली. कानाच्या पुढं-खाली एक मोठा ठिपका. जबड्याखाली त्याहून लहान. जिभेखाली अजून लहान. आणि ओठ, गाल, टाळू इथं नुसती टिंबं टिंबं. लाळेच्या गाठी मुळातच फार लोकांना होत नाहीत, त्या म्हणाल्या. ज्या होतात त्यातल्या बहुतेक या कानाजवळच्या मोठ्या ग्रंथीत, आणि तिथल्या बहुतेक साध्या. तुम्ही ऐकलेला आकडा तिथला आहे, आणि तिथं तो खरा आहे. जसजशी ग्रंथी लहान, तसतशा गाठी कमी होतात. पण झालीच, तर ती साधी असेल असा भरवसा कमी होत जातो. जिभेखालच्या आणि टाळूच्या टिंबांत तर हिशोब जवळजवळ उलटाच फिरतो.

मग त्यांनी पेनचं टोक जबड्याखालच्या ठिपक्यावर ठेवलं. “तुमची इथं आहे. इथं निम्म्या-निम्म्या धरा.”

त्या क्षणी मला आठवला तो आमचा ऑपरेटर, संदीप. दोन वर्षांपूर्वी, नवा असताना, त्यानं बुशांची अख्खी पेटी दुसऱ्याच पार्टच्या ड्रॉइंगवर, म्हणजे मापांच्या नकाशावर, तपासली होती. दोन्ही बुश दिसायला सारखे, आतल्या मापात फरक. सगळी मापं बरोबर आली म्हणून त्यानं हिरवा टॅग लावला. मापं बरोबरच होती, पण त्या दुसऱ्या पार्टची. मी त्याला सगळ्यांसमोर उभं करून ड्रॉइंगचा नंबर मोठ्यानं वाचायला लावला होता. त्याचे कान लाल झालेले मला आजही दिसतात. आणि इथं मी सात महिने शेळकेंच्या कानाच्या ड्रॉइंगवर माझा जबडा तपासत बसले होते. आकडा खरा होता. तो माझा नव्हता.

सोनोग्राफी झाली, सुईनं पाणी काढून तपासायला दिलं. चार दिवसांनी रिपोर्ट आला. त्यात खात्रीचं काहीच नव्हतं, फक्त ‘पेशी संशयास्पद’ असं होतं. पूर्ण ग्रंथी काढून तपासल्याशिवाय सांगता येणार नाही, पुण्याला जा, असं ठरलं.

बेलापूरची उपासना

आमच्याकडे रविवारच्या उपासनेत एक वेळ असते. पाळकसाहेब विचारतात, कुणाची प्रार्थनेची विनंती आहे का? मग एकेक जण उभं राहून सांगतं. मुलाची परीक्षा, कुणाचा गुडघा, कुणाच्या नातवाची नोकरी. मंडळी माना खाली घालतात आणि सगळे मिळून त्यासाठी प्रार्थना करतात. लहानपणापासून मला हे फार आवडायचं. आपल्यावर वेळ आली तर मात्र ते चालणार नाही, हे मला ठाऊक नव्हतं.

सुनीलनं त्याच्या आईला फोनवर सांगितलं होतं, कुणाला बोलू नकोस म्हणूनही सांगितलं होतं. त्या रविवारी सासूबाई बेलापूरच्या चर्चमध्ये उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, माझ्या सुनंला गळ्यात कॅन्सरची गाठ हाय. कॅन्सर हा शब्द तोवर कुठल्याही डॉक्टरनं उच्चारला नव्हता, कुठल्याही कागदावर आलेला नव्हता. उपासना सुटली आणि दुपारच्या जेवणाच्या आत ग्रेसचा नाशिकहून फोन आला. तिला तिच्या चुलत आत्यानं कळवलं होतं. पोर रडून बोलत होती आणि मला तिच्या तोंडून माझाच आजार ऐकावा लागत होता.

मी सासूबाईंना फोन लावला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यावर आवाज चढवला. रिपोर्ट यायच्या आधी तुम्ही लाल टॅग लावून मोकळ्या झालात, असं काहीतरी बोलले. टॅग म्हणजे काय हे त्यांना कळायचं कारण नव्हतं. त्यांनी मला सगळं बोलू दिलं.

“तुला राग आला आसंल,” त्या हळू म्हणाल्या. “पन म्या गप बसले आसते तर माझा जीव गेला आसता. तू आठ म्हैने गप बसली, तसं मला जमत न्हाई.”

मी फोन ठेवला. पुष्कळ वेळ राग राग केला, आणि त्यातला बराचसा राग त्यांचं म्हणणं खरं होतं म्हणूनच होता.

शेळके जिना उतरले

बातमी बेलापूरहून नागापूरला पोचायला एक दिवस लागला. पुण्याला निघायच्या आदल्या संध्याकाळी शेळके घरी आले. पेरू आणले होते. पिशवी मांडीवरच ठेवून सोफ्याच्या कडेला बसले. सुनील चहा ठेवायला आत गेला.

शेळके जमिनीकडे बघत म्हणाले, “ती शेजारची बाई म्हंजे तुमीच व्हता, व्हय? म्या बोललो नसतो तर तुमी तवाच डॉक्टरकडं गेल्या असत्या.”

माणूस आजारी असताना चांगला होतो असं कुणी म्हणत असेल तर ते खरं धरू नका. मला तेव्हा आठवत होतं, अगदी लख्ख आठवत होतं, की त्यांनी मला ‘कुठं हाय’ असं विचारलं होतं. डॉक्टर बाईंनी विचारला तोच नेमका प्रश्न त्यांनी सात महिने आधी विचारला होता, आणि मी खोटं सांगितलं होतं. ते हे विसरले होते. मी एक वाक्य बोलले असते तर त्या माणसाच्या मनावरचं ओझं उतरलं असतं.

मी बोलले नाही. भीतीनं माझा जीव इतका आवळला होता की आपल्याखेरीज आणखी कुणीतरी दोषी आहे, हे मला बरं वाटत होतं. मी म्हटलं, जाऊ द्या शेळके, आता बोलून काय उपयोग. हे क्षमा केल्यासारखं ऐकू येतं. त्यात दोष त्यांचाच ठरतो. त्यांनी चहाही पुरता घेतला नाही. मी दारातून त्यांना जिना उतरताना पाहिलं आणि दार लावून घेतलं.

“ई करा”

पुण्याच्या सर्जननी आधी सगळं स्पष्ट सांगितलं होतं. त्या ग्रंथीला लागून तीन नसा जातात. एक ओठाचा कोपरा हलवते, एक जीभ हलवते, एकीमुळे जिभेला चव आणि स्पर्श कळतो. साधी गाठ सहसा नसेत शिरत नाही, नस बाजूला करून ती निघते. एखादी नस गाठीत गुरफटलेली दिसली तर तिला वाचवता येणार नाही. मी सही केली. माझी सही रोज शंभर कागदांवर जाते, पण ही करण्याआधी मी तो कागद दोनदा वाचला.

शुद्ध आली तेव्हा कुणीतरी म्हणत होतं, “साळवे ताई, ई करा. दात दाखवा. आता जीभ बाहेर.” पुढचे चार दिवस हेच. सकाळी सहाला नर्स मानेतल्या नळीची बाटली उचलून उजेडात बघायची, रात्रीत किती जमलं ते लिहायची आणि म्हणायची, ई करा. नऊला शिकाऊ डॉक्टरांचा घोळका, ई करा. संध्याकाळी सर्जन स्वतः, ई करा. मी अठरा वर्षं लोखंडाला जे केलं ते आता लोक मला करत होते, आणि तपासून घेणं किती लाजिरवाणं असतं ते मला कळत होतं. तपासणाऱ्याच्या चेहऱ्यावरून निकाल ओळखायला आपण किती धडपडतो, तेही.

जीभ हलत होती. ओठाचा डावा कोपरा आळशी झाला होता, पण सुधारेल म्हणाले. जिभेची डावी बाजू मात्र दगड होती. दाढेखाली चावली गेली तरी पत्ता नाही. सर्जन त्यावर फार बोलले नाहीत. एक नस घ्यावी लागली, रिपोर्ट येऊ दे, एवढंच म्हणाले. पण त्यांनी आधी सांगितलेलं मला पाठ होतं. साधी गाठ सहसा नसेत शिरत नाही. म्हणजे माझ्यापुरता रिपोर्ट आला होता.

शेजारच्या खाटेला लागून पडदा होता आणि पडद्यापलीकडच्या वॉर्डात नेवाशाकडचे एक आजोबा. दोन्ही कानांखाली एकेक गाठ, एक काढून झालेली. आयुष्यभर बिड्या ओढलेल्या. त्यांचा रिपोर्ट माझ्या समोर आला. बिडी-सिगारेटवाल्या वयस्क पुरुषांत कानाजवळ असा एक प्रकार निघतो म्हणे, आणि तो साधा असतो. आजोबांची सून आनंदानं रडत होती. आजोबा मला म्हणाले, “पोरी, तुझी बी साधीच निघंल.” मी मान हलवली आणि पडदा ओढून घेतला. मनात आलं, मी कधी सुपारीचं खांडसुद्धा चघळलं नाही. त्यांच्या आनंदाचा मला हेवा वाटला, हे लाज बाजूला ठेवून लिहिते. हे वाचणाऱ्या कुणाला तसं वाटलं तर आपण एकटेच वाईट आहोत असं समजू नये.

रिपोर्ट

टाके काढायच्या दिवशी रिपोर्ट आला. सुनील माझ्या डाव्या बाजूला बसला होता. सर्जननी कागद आमच्याकडे वळवून ठेवला आणि एका लांबलचक नावाखाली बोट ठेवलं. अ‍ॅडेनॉइड सिस्टिक. कॅन्सर आहे, असं त्यांनी सरळ सांगितलं. एकूण कॅन्सरमध्ये हा दुर्मीळ, पण जबड्याखालच्या या ग्रंथीत कॅन्सर निघतोच तेव्हा बरेचदा हाच निघतो. हा सावकाश वाढतो, पण नसेच्या वाटेनं सरकतो. गाठीच्या चारी बाजूंच्या कापलेल्या कडा स्वच्छ आल्या आहेत, म्हणजे तिथं कॅन्सरच्या पेशी नाहीत. नसेजवळची कड स्वच्छ आहे, पण अंतर कमी आहे, म्हणून रेडिएशन द्यायचं. आणि हा पुष्कळ वर्षांनीही परत येऊ शकतो, म्हणून तपासणी सोडायची नाही.

सुनील काहीतरी लिहून घेत होता. मी त्याच्या हाताकडे बघत होते. मग मी तो प्रश्न विचारला, ज्याच्यापायी मी झोपले नव्हते.

“मी डिसेंबरात आले असते तर ती नस वाचली असती का?”

सर्जननी माझी खोटी समजूत घातली नाही, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. “सांगता येणार नाही,” ते म्हणाले. “नसेत ती कधी शिरली हे कुणालाच माहीत नाही. आधी आला असतात तर बरं झालं असतं, एवढंच मी म्हणू शकतो.”

मला हो किंवा नाही हवं होतं. अठरा वर्षं मी हो किंवा नाही यावरच जगले. हो म्हणाले असते तर स्वतःला शिव्या घातल्या असत्या, नाही म्हणाले असते तर सुटले असते. सुनीलनं लिहायचं थांबवलं आणि माझ्या मांडीवर हात ठेवला. कणसाच्या गाडीपासून त्यानं पहिल्यांदाच असा हात ठेवला होता. मी तिथंच, सर्जनसमोर, मोठ्यानं रडले.

ओली भाकरी

रेडिएशनची सोय नगरलाच झाली. सहा आठवडे, शनिवार-रविवार सोडून रोज. चेहऱ्याच्या मापाचा प्लास्टिकचा जाळीदार मुखवटा तोंडावर घालून तो टेबलाला पक्का अडकवतात. मान तसूभरही हलू द्यायची नाही. पहिल्या दिवशी मला वाटलं की आपण गुदमरून जाऊ. मग मी आत डोळे मिटून बुश मोजायला लागले. ऐंशी-नव्वद बुशांच्या आत यंत्र थांबतं, हे कळल्यावर निभावलं.

तिसऱ्या आठवड्यापासून तोंड कोरडं पडलं. लाळ ही काय चीज आहे ते तिच्यावाचून कळतं. भाकरीचा घास तोंडात नुसता फिरत राहायचा. सासूबाई बेलापूरहून राहायला आल्या होत्या. फोनवरच्या त्या बोलण्याबद्दल आम्ही दोघीही काही बोललो नाही. त्या ताकात ज्वारीच्या कण्या शिजवायच्या, भाकरी दुधात भिजवून बोटांनी बारीक कुस्करायच्या, आणि मी गिळेपर्यंत पाण्याचा तांब्या हातात धरून उभ्या राहायच्या. दर शनिवारी त्या मला विचारायच्या, “उद्या चर्चमधी सांगू का, आता कसं हाय ते?” आधीच्या एका चुकीची एवढी आठवण ठेवणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. चौथ्या शनिवारी मी म्हटलं, सांगा. त्या रविवारी सावेडीच्या चर्चमध्ये त्या उभ्या राहिल्या, आणि त्यांच्याबरोबर मीही राहिले.

चौथा रकाना

आता मला बरी म्हणायचं की आजारी, मला माहीत नाही. दर तीन महिन्यांनी पुण्याला जाते. एमआरआय, छातीचा फोटो, सर्जनची बोटं, ई करा. निकाल चांगला आला की पुढच्या तीन महिन्यांची मुदत मिळते. आमच्या भाषेत याला होल्ड म्हणतात, पिवळा टॅग. पूर्वी पिवळा टॅग लावलेली पेटी मला बघवायची नाही, कधी एकदा निकाली काढते असं व्हायचं. आता त्याच टॅगवर मी जगते आणि जेवतेसुद्धा.

मार्चमध्ये कामावर परत गेले. ओठाचा डावा कोपरा अजून थोडा मागं राहतो, त्यामुळे मी हसले तरी कुत्सित हसल्यासारखी दिसते. पोरं पहिल्यापेक्षा जास्त घाबरतात. संदीपला मी पहिल्याच दिवशी बोलावलं आणि त्या ड्रॉइंगच्या प्रकाराबद्दल माफी मागितली. तो इतका गोंधळला की हातातलं मापाचं गेज तिथंच विसरून गेला.

शेळके माझ्या समोर येतच नव्हते. कागद दुसऱ्याच्या हाती पाठवायचे. कानामागचा व्रण आता कुणाला दाखवत नाहीत, असं कळलं. चार दिवस मी पाहिलं. पाचव्या दिवशी मी रिजेक्शनचा फॉर्म काढला. हा फॉर्म कारखान्यात सगळ्यांना माहीत आहे. दोष काय, कारण काय, जबाबदार कोण, पुन्हा होऊ नये म्हणून काय करणार, असे चार रकाने. इतक्या वर्षांत शेळकेंना माझ्याकडून असे दोन-तीन मिळाले असतील. मी तो भरला, त्यांच्या मशीनपाशी गेले आणि हातात दिला. त्यांचा चेहरा पडला. काय चुकलं, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, वाचा.

दोष: गाठ दाखवायला आठ महिने उशीर.

कारण: तपासणाऱ्याने दुसऱ्या पार्टचे ड्रॉइंग वापरले. ऑपरेटरने ‘कुठं आहे’ असे योग्य वेळी विचारले होते. तपासणाऱ्याने जागा खोटी सांगितली.

जबाबदार: क. साळवे, तपासणी विभाग.

त्यांनी ते दोनदा वाचलं. मशीन चालू होतं, ते त्यांनी बंद केलं. पार्ट चालू असताना शेळके मशीन बंद करत नाहीत.

“म्या विचारलं हुतं?” ते म्हणाले.

“विचारलं होतं. त्या दिवशी घरी आलात तेव्हाही मला आठवत होतं. मी सांगितलं नाही.”

त्यांनी तोंड फिरवलं आणि बाहीनं डोळे पुसले. मग पुन्हा कागदाकडं पाहिलं. चौथा रकाना मी मोकळा ठेवला होता. पुष्कळ विचार करूनही त्यात काय लिहावं ते मला सुचलं नव्हतं. शेळकेंनी खिशातून पेन काढलं, कागद मशीनच्या दारावर धरला आणि त्यांच्या तिरक्या अक्षरात सावकाश लिहिलं: गाठ लागली की त्याच आठवड्यात डॉक्टरला दाखवने. दुसऱ्याचा आकडा धरून बसू नये.

असल्या शुद्धलेखनाचा फॉर्म मी पूर्वी परत पाठवला असता. मी पेन मागून घेतलं आणि खाली सही केली.